गोल्फच्या ड्रायव्हरचा शाफ्ट ‘रेग्युलर’वरून ‘स्टिफ’ करावा का, आणि विकत घेण्याआधी त्याची चाचणी कशी घ्यावी?

तुमच्या प्रश्नातून मला कळले ते असे : तुम्ही उजव्या हाताने गोल्फ खेळता, ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटका मारायच्या क्लबचा) स्विंग ताशी सुमारे ९० मैलांचा आहे, चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो आणि विक्रेत्याने ‘तुमचा रेग्युलर शाफ्ट (दांडा) मऊ पडतो, स्टिफ म्हणजे ताठ बसवून घ्या’ असे सुचवले आहे. एवढ्या माहितीवर शाफ्ट बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी बारा वर्षांपासून हौसेने स्वतःच्या आणि सोबत्यांच्या क्लबांचे शाफ्ट काढतो, कापतो आणि बसवतो. या काळात शाफ्ट बदलल्यामुळे खेळ सुधारलेले लोक मी पाहिले आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांचा फायदा फ्लेक्सच्या, म्हणजे शाफ्टच्या लवचीकपणाच्या, अक्षरामुळे झाला नव्हता, तर वजन आणि लांबी त्यांना जुळल्यामुळे झाला होता.

आधी उजवीकडे वळणाऱ्या चेंडूचे पाहू. फटक्याच्या क्षणी क्लबचा मार्ग एका दिशेला आणि फेसचे, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचे, तोंड दुसऱ्या दिशेला असले की चेंडू वळतो. मार्गाच्या मानाने फेस उघडा (उजवीकडे वळलेला) राहिला की तुमचा चेंडू उजवीकडे जाणार. शाफ्ट यात किंचित भर घालतो किंवा किंचित घट करतो. स्विंग खाली येऊ लागतो तेव्हा क्लबहेड मागे रेंगाळते आणि शाफ्ट मागच्या बाजूला वाकतो, पण चेंडूपाशी पोहोचेपर्यंत चित्र उलटते. क्लबहेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षावर नसून थोडा मागे आणि बाहेर असतो, त्यामुळे वेगाच्या ओढीने शाफ्टचे टोक पुढे आणि थोडे खालीही झुकते. पुढे झुकल्याने लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) थोडा वाढतो आणि फेस थोडा मिटतो. मऊ शाफ्ट जास्त झुकतो, ताठ शाफ्ट कमी. म्हणजे तुमच्या बाबतीत स्टिफ शाफ्टने काही फरक पडलाच, तर फेस आणखी उघडा राहण्याच्या बाजूनेच पडण्याचा संभव अधिक आहे. हा फरक बहुधा एखाद्या अंशाचाच असतो, त्यामुळे चेंडू एवढा वळण्याचे मूळ शाफ्टमध्ये शोधणेच मला पटत नाही.

ते शोधण्याची पहिली जागा म्हणजे फेस. पायांना मारायच्या पावडरचा स्प्रे मिळतो, त्याचा पातळ पांढरा थर ड्रायव्हरच्या फेसवर मारा आणि एक चेंडू मारा. पांढऱ्या थरावर चेंडूचा गोल ठसा उमटतो, नीट पाहिले तर त्यात चेंडूवरचे खळगेही मोजता येतात. फोटो काढा, फेस पुसा, पुन्हा थर मारा. असे दहा चेंडू झाले की ठसे कुठे गोळा होतात ते दिसू लागते. ते हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, जमत असतील तर तुमच्या वळणाचा एक भाग तिथेच आहे. फटका मध्याबाहेर लागला की क्लबहेड गुरुत्वमध्याभोवती फिरते आणि दातेरी चाकांच्या जोडीप्रमाणे चेंडूला उलट दिशेची फिरकी देते. हीलकडच्या फटक्यात ही फिरकी चेंडूला उजवीकडे नेते. ड्रायव्हरचा फेस सपाट न ठेवता आडवा किंचित फुगीर केलेला असतो, तो याच परिणामाची भरपाई करण्यासाठी.

ठसे विखुरलेले असतील तर आणखी काही विकत घेण्याआधी ग्रिपवर (मुठीवर) हात एक इंच खाली धरून तेच दहा चेंडू पुन्हा मारा. दुकानात मिळणारे ड्रायव्हर बहुधा ४५.५ इंच किंवा त्याहून लांब असतात, आणि रोज सराव करणारे अनेक व्यावसायिक खेळाडूसुद्धा त्याहून आखूड ड्रायव्हर वापरतात. तुमच्या वेगाला ठसा मध्याकडे सरकण्याची किंमत किती आहे, ते आकड्यांत पाहा. चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागले की येणाऱ्या गुणोत्तराला स्मॅश फॅक्टर म्हणतात आणि ड्रायव्हरला ते फार तर १.५ च्या आसपास जाते. ९० मैलांच्या स्विंगला १.४४ मिळाले तर चेंडूचा वेग १२९.६ मैल होतो, १.४८ मिळाले तर १३३.२. ताशी एका मैलामागे साधारण दोन यार्ड धरले, तर स्विंग जराही जोरात न करता सात यार्डांचा फायदा होतो. मात्र क्लब एक इंच आखूड झाला की स्विंगवेट, म्हणजे हलवताना क्लबहेड किती जड वाटते याचे माप, सुमारे सहा अंकांनी उतरते आणि क्लबहेड हातात हरवल्यासारखे वाटते. कायम आखूड करायचे ठरवलेत तर शिशाची चिकटपट्टी लावून क्लबहेडला दहा-बारा ग्रॅम परत द्यावे लागतात; दोन ग्रॅमला साधारण एक अंक असा हिशेब असतो.

आता शाफ्टकडे येतो. एल, ए, आर (रेग्युलर), एस (स्टिफ), एक्स ही अक्षरे मऊपासून ताठपर्यंतचा लवचीकपणा सांगतात खरी, पण एस म्हणजे नेमके किती ताठ याचे कोणतेही सर्वमान्य माप ठरलेले नाही. प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो, आणि एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांतही एक अक्षर सारखा ताठरपणा दाखवतेच असे नाही. मोजायचेच असेल तर शाफ्टची ग्रिपकडची बाजू शिकंज्यात घट्ट पकडून टोक ओढून सोडतात आणि मिनिटाला किती कंपने होतात ते यंत्राने मोजतात. ढोबळमानाने १० कंपनांच्या फरकाला एक फ्लेक्स धरतात. एका उत्पादकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका भरल्याचे मी स्वतः मोजून पाहिले आहे. म्हणून विक्रेत्याला ‘स्टिफ’ म्हणजे कोणत्या मालिकेतला, किती ग्रॅमचा आणि किती कंपनांचा, असे सरळ विचारा.

लाकडी हिकरीच्या काळात अक्षरांचा प्रश्नच नव्हता. कारागीर प्रत्येक दांडा हाताने खरवडून घडवायचा आणि खेळाडू तो हातात हलवून निवडायचा. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये पोलादी शाफ्टला मान्यता दिली, ब्रिटनमधल्या रॉयल अँड एन्शंट या गोल्फ संस्थेने १९२९ मध्ये, आणि १९३१ ची यूएस ओपन बिली बर्कने पोलादी शाफ्टने जिंकली. एकसारखे शाफ्ट मोठ्या संख्येने बनू लागल्यावर त्यांची वर्गवारी आली. हातात घेऊन पारखण्याची जुनी सवय आपण तेव्हा सोडायला नको होती, असे मला मनापासून वाटते.

निवडीला सुरुवात वजनापासून करा. ड्रायव्हरचे ग्रॅफाइट शाफ्ट ४० ते ८० ग्रॅमपर्यंत मिळतात आणि क्लबहेड सुमारे २०० ग्रॅमचे असते, त्यामुळे शाफ्टच्या १५ ग्रॅमांनी स्विंगची लयच बदलते. फार हलका शाफ्ट असला की हात घाई करतात आणि ठसे फेसभर पसरतात. फार जड असला की शेवटच्या होल्सवर वेग उतरतो. वजन जमले की मग फ्लेक्स पाहा. पिळाचे माप, ज्याला टॉर्क म्हणतात, आणि वाकण्याचा बिंदू या दोन गोष्टी जाहिरातीत जितक्या ठळक असतात तितका त्यांचा परिणाम ९० मैलांच्या स्विंगवर मला कधी आढळला नाही.

चाचणीसाठी तीनच शाफ्ट घ्या : तुमचा सध्याचा, त्याच वजनाचा स्टिफ आणि सध्याच्यापेक्षा दहा ग्रॅम जड रेग्युलर. क्लबहेड तिघांना एकच असावे, चावीने बदलता येणारा लॉफ्ट एकाच खुणेवर असावा आणि तिन्हींची लांबी फूटपट्टीने मोजलेली असावी, कारण अर्ध्या इंचाचा फरक राहिला तर तुम्ही शाफ्टची नव्हे, लांबीची चाचणी घ्याल. अंग मोकळे झाल्यावर पाच-पाच चेंडूंचे गट आलटून पालटून मारा आणि शेवटी पुन्हा स्वतःच्या शाफ्टवर या. सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे फार वेगळे आले तर तो थकव्याचा परिणाम असतो आणि त्या दिवसाची चाचणी रद्द धरावी. कोणता फटका मोजायचा नाही तेही आधी ठरवून ठेवा. मारून झाल्यावर ठरवले की नवा शाफ्ट नेहमीच जिंकतो. दुसऱ्या एका दिवशी हीच चाचणी पुन्हा घ्या. सर्वांत लांब गेलेला चेंडू विसरून जा. प्रत्येक शाफ्टच्या चेंडूंतला सर्वांत आखूड किती गेला आणि डावी-उजवीकडचा पसारा किती होता, हे वहीत लिहा.

शाफ्टवरची नावे आणि रंग कागदी चिकटपट्टीने पूर्ण झाका, ही माझी कळकळीची विनंती आहे. काही वर्षांपूर्वी मला एक स्टिफ शाफ्ट फार आवडला होता आणि उघड्या डोळ्यांनी घेतलेल्या चाचणीत तोच सरस ठरला. एका सोबत्याने तिन्ही शाफ्टना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून क्लब एकेक करून माझ्या हातात दिले, तेव्हा ठसे सर्वांत दाट जमले ते ए फ्लेक्सच्या, मी ज्येष्ठांसाठीचा म्हणून बाजूला ठेवलेल्या शाफ्टवर. तो मी पुढे चार वर्षे वापरला.

लाँच मॉनिटर, म्हणजे चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी मोजणारे यंत्र, मिळाला तर उत्तम. तुमच्या वेगाला उड्डाणाचा कोन १२ ते १५ अंश आणि फिरकी मिनिटाला साधारण २,३०० ते २,८०० फेरे या पट्ट्यात आली की काळजीचे कारण नाही. चेंडू मात्र तुम्ही खेळता तोच न्या, कारण सरावाच्या चेंडूंची फिरकी आणि वेग निराळे असतात. काही रडार यंत्रांना बंद खोलीत फिरकी नीट मोजता यावी म्हणून चेंडूवर धातूची छोटी टिकली लावावी लागते. ती न लावता दाखवलेल्या फिरकीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

आयर्नबद्दल (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबांबद्दल) तुम्ही ओझरते विचारले आहे. तिथे शाफ्टच्या आधी लाय अँगल, म्हणजे शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन, तपासा. चेंडूवर पुसता येणाऱ्या मार्करने जाड उभी रेघ काढा, ती रेघ फेसकडे ठेवून फटका मारा आणि फेसवर उमटलेली रेघ पाहा. ती सरळ उभी असेल तर लाय योग्य आहे; तिचे वरचे टोक टोच्या, म्हणजे हीलच्या विरुद्ध, बाजूला झुकले असेल तर फटक्याच्या वेळी टो वर राहतो आहे आणि चेंडू डावीकडे निघेल, हीलकडे झुकले असेल तर उलट.

नियमांपैकी तुम्हाला लागतील असे दोनच : पटर (चेंडू खळीकडे घरंगळवायचा क्लब) सोडून कोणत्याही क्लबची लांबी ४८ इंचांपेक्षा जास्त असता कामा नये (२०२२ पासून स्पर्धांना ती ४६ इंचांवर आणण्याची मुभा आहे), आणि चावीने बदलता येणारा लॉफ्ट फेरी सुरू असताना बदलता येत नाही.

चाचणीत तुमचाच शाफ्ट पुढे आला तर तोच ठेवा. नवा घेतलात तर बसवणाऱ्याला टोकाकडून काही कापायला सांगू नका. टोकाचा अर्धा-एक इंच गेला की शाफ्ट चांगलाच ताठ होतो आणि तुम्ही ज्याची चाचणी घेतली तो शाफ्ट उरत नाही. लांबी ग्रिपच्या बाजूनेच कमी करायची, तीही पाव-पाव इंचाने, प्रत्येक वेळी दहा चेंडू मारून आणि ठसे पाहून.