मधलीला विचारलंत का?

प्रश्न : माझ्या तिघी मुली (वय १९, १५ आणि १२) आजीकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि गवळणी एकत्र गातात. यंदा गणपतीत बऱ्याच मंडळांनी बोलावलं. नागालँडच्या टेट्सेओ सिस्टर्ससारखा बहिणींचा लोकगीतांचा ग्रुप करायचं आम्ही ठरवलंय. थोरलीचं बी.ए. थांबवावं का? मधली नर्सिंगचं खूळ घेऊन बसलीय, तिची समजूत घालतोय. सध्या मोबाइल काढून घेतलाय.
– एक वडील, वाई तालुका

उत्तर : ‘मुलीला गाणं सोडायला सांगा’ अशी पत्रं मला नेहमी येतात. तुमचं उलटं होतं, म्हणून आधी बरं वाटलं. मग ते मोबाइलचं वाक्य वाचलं. काका, सक्ती गाण्याची केली म्हणून ती इंजिनिअरिंगच्या सक्तीपेक्षा सौम्य होत नाही. पंधरा वर्षांची मुलगी स्वतःहून नर्सिंग म्हणतेय, त्याला तुम्ही खूळ म्हणता. थोरलीला बी.ए. सोडायचंय का, तेही पत्रात कुठे नाही. मग ‘आम्ही ठरवलंय’ म्हणजे कोणी? तिघी गातात आणि ठरवता तुम्ही एकटे, असं दिसतंय. बिदागी कोणाच्या खात्यात जाते, हेही जाता जाता विचारून ठेवते.

तुमचा मोठा गैरसमज असा की ग्रुप म्हणजे सगळ्यांनी सगळं सोडून, कायम एकत्र आणि लगेच. उदाहरण तुम्हीच दिलंय, तर ते नीट बघा. टेट्सेओ या चौघी बहिणी, फेक जिल्ह्यातल्या चाखेसांग नागा समाजाच्या. चोक्री भाषेतली ‘ली’ ही पारंपरिक गाणी त्या आईवडिलांकडून शिकल्या. लहानपणी, १९९४च्या सुमारास, स्टेजवर आल्या आणि पहिला अल्बम निघाला २०११मध्ये. मधली सोळा-सतरा वर्षं शाळा-कॉलेजचीच होती. कार्यक्रमात कधी चौघी असतात, कधी तिघीच. एक बहीण नाही म्हणून गाणं अडत नाही. आणि तुम्हाला थोरलीचं दुसरं वर्षसुद्धा पुरं होऊ द्यायचं नाही!

थोरलीला बी.ए. पूर्ण करू द्या. पुढे मन झालं तर मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत एम.ए. आहे. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, आणि त्यात लोकसंगीत येतं. धाकटीच्या वयाला सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती बघा. आकाशवाणीची लोकसंगीताची ऑडिशन थोरलीने एकटीनेही द्यायला हरकत नाही. रिअ‍ॅलिटी शोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, विचारूही नका.

त्याआधी एक काम उरका. आजी आहेत तोवर त्यांच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करा, जमलं तर जात्यावर बसवूनच. कोणती ओवी कोणाकडून आली, कोणत्या गावची, तेही विचारून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. तुमच्या मुलींकडे भांडवल आहे ते हे. मंडळांची बोलावणी पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला जातील.

मधलीसाठी : अकरावीला विज्ञान, त्यात जीवशास्त्र हवंच, आणि बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी. सुट्टीत घरी आली की बहिणींबरोबर गाईल, वाटलं तर. मोबाइल आजच परत द्या. पुढचं पत्र तिला लिहू दे, आणि पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.