जहाजावरची बक्षिसी: आधी भरावी की तिथे द्यावी?

या वेळच्या पत्रांत एकच शब्द पुन्हापुन्हा आला: ग्रॅच्युइटी. पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळते ती ही नव्हे. क्रूझवाल्यांच्या भाषेत ग्रॅच्युइटी म्हणजे जहाजावरच्या सेवकांची बक्षिसी. फक्त तिचं नाव बक्षिसीचं आणि वागणं बिलाचं आहे, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

डिसेंबरात सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनच्या चार रात्रींच्या सफरीला आम्ही चौघे जाणार आहोत. भाडं भरून झालं. आता टूरवाले ‘प्रीपेड ग्रॅच्युइटी’ म्हणून आणखी 296 डॉलर मागतात. आत्ताच भरायलाच हवेत का? (एक वाचक, पुणे)

आकडा बरोबर आहे. साध्या केबिनला माणशी दिवसाला 18.50 डॉलर असा कंपनीचा दर आहे. चार माणसं, चार रात्री, म्हणजे 296. सुइट असती तर माणशी 21 डॉलर पडले असते. तुम्ही आत्ता भरले नाहीत तर जहाजावर प्रत्येकाच्या खात्यावर रोज तेवढेच चढत जातील. म्हणजे आत्ता न भरून ते वाचत नाहीत (काढून टाकता येतात का, ते पुढे). कधी भरायचे आणि कुठल्या खिशातून, एवढंच ठरवायचं आहे.

आधी भरण्याचा पहिला फायदा दराचा. हे दर मधूनमधून वाढतात, आणि वाढीच्या तारखेआधी भरलेल्यांना जुनाच दर लागतो. दुसरा फायदा कार्डाचा, आणि आपल्याकडच्या लोकांना तो जास्त जाणवतो. जहाजावर खर्चाची हमी म्हणून तुमच्या कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डाला त्याचा त्रास नाही. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड असेल तर मात्र खरे पैसे अडकतात, आणि शेवटचं बिल वेगळं वळतं झाल्यावरही आधीची अडकलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस लागतात. सिंगापूरला उतरून खरेदीला जावं तर कार्डात पैसे आहेत पण निघत नाहीत. ग्रॅच्युइटी आधीच भरलेली असेल तर अडकणारी रक्कमही तेवढी कमी होते.

आता टूरवाल्याचा डॉलर काय भावाने आहे ते बघा. समजा बँकेचा डॉलर 90 रुपये आहे. तुमचं क्रेडिट कार्ड 3.5 टक्के मार्कअप (परकीय चलनाचा जादा आकार) लावतं आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सगळं मिळून 4.13 टक्के. कार्डाने तुम्हाला डॉलर सुमारे 93.70 ला पडला. टूरवाला 93 ने घेत असेल तर खुशाल त्याच्याकडे भरा. 96 म्हणत असेल तर कंपनीच्या ॲपवरून स्वतः भरा किंवा जहाजावर कापू द्या. पॅकेजमध्ये भरल्यावर टीसीएस (टूरवाल्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर) लागतो, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यामुळे तो तोटा धरू नका.

एका परिस्थितीत मात्र आधी भरू नये. बुकिंगबरोबर ‘ऑनबोर्ड क्रेडिट’, म्हणजे जहाजावरच खर्चायची भेट-रक्कम, मिळालं असेल तर थांबा. हे क्रेडिट बहुतेक वेळा परत न मिळणारं असतं, शेवटच्या रात्रीपर्यंत वापरलं नाही की बुडतं. रोजची ग्रॅच्युइटी त्यातून आपोआप वळती होते. शंभर डॉलरचं क्रेडिट हातात असताना ग्रॅच्युइटी आधीच भरून टाकली, तर शेवटच्या संध्याकाळी नको असलेले टी-शर्ट आणि चाव्यांच्या कड्या विकत घेत फिरण्याची पाळी येते.

आमच्या पॅकेजमध्ये ग्रॅच्युइटी धरलेली होती. तरी दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये दोघांच्या नावावर 18.50 डॉलर लागलेले दिसले. काउंटरवर विचारलं तर ‘तुमच्याकडून आलेली नाही’ म्हणाले. अशा वेळी काय करावं? (एक वाचक, ठाणे)

हे होतं ते बहुतेक तीन कारणांनी. एक, एजंटाने पैसे घेतले पण कंपनीच्या बुकिंगमध्ये ती ओळ जोडली नाही. दोन, दोन केबिनचे दोन बुकिंग क्रमांक होते आणि एकाचीच भरली गेली. तीन, आणि हे सगळ्यात जास्त घडतं: पॅकेजमधल्या ‘टिप्स’ म्हणजे बसचालक आणि गाइड यांच्या टिप्स होत्या, जहाजाच्या नव्हेतच. टूर कंपनीच्या पत्रकात दोन्ही एकाच शब्दात गुंडाळलेलं असतं.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी एजंटाचा व्हाउचर बाजूला ठेवून क्रूझ कंपनीचं स्वतःचं कन्फर्मेशन मागवा. त्यात भाडं, कर व बंदर शुल्क यांच्याखाली ‘प्रीपेड ग्रॅच्युइटीज’ अशी स्वतंत्र ओळ असते. ती प्रत्येक प्रवाशापुढे हवी. एकाच्या रकान्यात आकडा आणि दुसऱ्याच्या रकान्यात शून्य असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या, कारण ऑनलाइन भरण्याची सोय प्रवासाच्या काही दिवस आधी बंद होते.

जहाजावर चढल्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी खातं उघडून बघायचं. चूक दिसली की त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर कन्फर्मेशनची छापील प्रत घेऊन जा. मोबाइलमध्ये दाखवू म्हटलं तर भर समुद्रात नेटशिवाय ईमेलमधली पीडीएफ उघडत नाही. शेवटच्या रात्री त्या काउंटरपुढे मारुतीच्या देवळात शनिवारी लागते तशी रांग असते, आणि घाईत दुरुस्ती होत नाही. एजंटाने पैसे पुढे पाठवलेच नसतील तर काउंटरवरची मुलगी काहीही करू शकत नाही, तिच्याशी भांडू नये. तिथे भरा, बिलाची प्रत घ्या आणि परतल्यावर एजंटाकडून वसूल करा.

मुलगा आणि सून यांच्याबरोबर बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून सात रात्रींची क्रूझ केली. वेटर अगदी उर्मट होता. रोजची ग्रॅच्युइटी काढून टाकता येते असं नंतर कळलं. पुढच्या वेळी काढावी का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

बहुतेक अमेरिकन कंपन्यांत कमी करता येते किंवा काढताही येते. काउंटरवर जाऊन सांगावं लागतं, आणि उतरण्याआधी. घरी आल्यावर फोन करून सहसा उपयोग होत नाही.

पण काढल्याने नेमकं काय होतं ते बघा. ती रक्कम एका वेटरच्या हातात जात नाही. तुमची खोली आवरणारा अटेंडंट, जेवणघरातले वेटर आणि त्यांचे मदतनीस, स्वयंपाकघरातली आणि हॉटेल विभागातली जी माणसं तुम्हाला दिसतही नाहीत, या सगळ्यांमध्ये ती वाटली जाते. एक उर्मट निघाला म्हणून सगळी काढली तर चादर बदलणाऱ्यालाही फटका. शिवाय काही कंपन्यांत नियम असा आहे की ज्या प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढली, त्याने दिलेली रोख टीपसुद्धा सेवकाला सामाईक पेटीत जमा करावी लागते. ‘काढून टाकली आणि आवडत्याला हातात दिली’ हा हिशेब तिथे फसतो.

या लोकांची कमाई कशी असते तेही ध्यानात घ्या. जहाजांवर सहसा बहामा, पनामा, माल्टा अशा देशांचे झेंडे असतात, अमेरिकेचा किमान वेतन कायदा तिथे चालत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात कामाची मर्यादा दिवसाला 14 आणि आठवड्याला 72 तास आहे. नोकरीचा करार सहा ते नऊ महिन्यांचा, मध्ये आठवड्याची सुट्टी नाही. अशा कमाईत ग्रॅच्युइटीचा वाटा मोठा. आमचं मत स्पष्ट आहे: ती भाड्याचाच भाग समजावी आणि हात लावू नये. उर्मट वेटरसाठी दुसऱ्याच दिवशी हेड वेटरला सांगून टेबल बदलून घ्या. सातव्या दिवशी सूड घेण्यापेक्षा उरलेली पाच जेवणं सुखाची जातात.

न्यू जर्सीतल्या वाचकांसाठी एक पुरवणी. बंदराच्या दारात बॅगा उचलून घेणारे हमाल जहाजाचे नोकर नसतात, ते गोदीतल्या युनियनचे. ग्रॅच्युइटीत त्यांचा वाटा नाही. बॅगेमागे दोनेक डॉलर द्यायची तिथे रीत आहे, सुटे खिशात ठेवा.

बारमध्ये प्रत्येक पावतीवर सही करताना टीप लिहायला रिकामी ओळ असते. न लिहिणं वाईट दिसतं का? (एक वाचक, नागपूर)

मुळीच नाही. पावती नीट वाचा. पेयाची किंमत, खाली (रॉयल कॅरिबियनमध्ये) 18 टक्के ग्रॅच्युइटी, खाली बेरीज, आणि त्याखाली ती ‘अतिरिक्त’ टीपची रिकामी ओळ. बारवाल्याचं वरच्या ओळीतच मिळालेलं असतं. आडवी रेघ मारून सही करा. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीत हा दर 20 टक्के आहे, आणि तिथे ‘मोफत’ मिळालेल्या पेय-पॅकेजवरही ग्रॅच्युइटी लागते, तीही पॅकेजच्या मूळ किमतीवर. मोफत शब्द वाचून हुरळलेल्यांना पहिला धक्का तिथेच बसतो. स्पामध्येही असंच, मालिश झाल्यावर बिलात टक्केवारी आधीच चढलेली असते.

आम्ही जैन जेवण घेतो. मागच्या वेळी हेड वेटरने रोज खास सोय केली. ग्रॅच्युइटी भरलेली असताना अशा माणसाला वेगळं किती द्यावं, आणि कसं? (एक वाचक, कोल्हापूर)

खरी बक्षिसी ती हीच. ग्रॅच्युइटी भरली की कर्तव्य संपलं, त्यापुढचं सगळं मनाचं. पण जैन किंवा शुद्ध शाकाहारी जेवणात त्या माणसाला खरंच वाढीव खटपट पडते. कांदा, लसूण, बटाटा वगळून दुसऱ्या दिवशीची भाजी काय, हे तो आदल्या रात्रीच तुम्हाला विचारतो आणि स्वयंपाकघरात भारतीय पदार्थ करणाऱ्या आचाऱ्याला कळवतो. तुम्ही ऐन वेळी बुफेत जेवायला गेलात तर ते केलेलं वाया जातं. तेव्हा टेबलवर येणार नसाल तर आदल्या दिवशी सांगणं हीही एक प्रकारची टीपच.

चार-पाच रात्रींच्या सफरीला चौघांच्या कुटुंबाने हेड वेटरला 10 ते 20 डॉलर, वेटरला 10, मदतनिसाला 5, आणि खोली आवरणाऱ्याला 10 ते 20 दिले तर ते चांगलं मानलं जातं. सात रात्रींना दीडपट करा. यांतलं काहीच बंधनकारक नाही. कॅप्टन, अधिकारी, डॉक्टर, काउंटरवरची माणसं यांना टीप द्यायची नसते, दिलीत तर तेच अवघडतात.

अडचण येते ती नोटांची. आपल्याकडचा मनी चेंजर 50 आणि 100 च्या नोटा हातात टेकवतो. आधी फोन करून 1, 5 आणि 10 च्या नोटा मागा, नाही मिळाल्या तर जहाजाच्या काउंटरवर पहिल्या-दुसऱ्या दिवशी मोडून घ्या, नंतर त्यांच्याकडचेही सुटे संपतात. सिंगापूर डॉलरच्या नोटाही चालतात. नाणी मात्र कुठल्याच देशाची देऊ नका, पुढच्या बंदरात त्यांना ती कोणी बदलून देत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवण्याच्या धांदलीत अटेंडंट सापडत नाही. त्याआधी, तो खोली आवरायला येतो तेव्हा हातात द्या. उशीवर पाकीट ठेवून सकाळी निघून गेलात तर ते कोणाला मिळालं हे कळत नाही. काउंटरवर कोरी पाकिटं मिळतात. वर त्याचं नाव आणि आपला केबिन क्रमांक लिहा. उतरल्यावर कंपनीचा अभिप्राय-फॉर्म ईमेलने येतो, त्यातही नाव लिहा. पुढचा करार आणि बढती ठरताना ती नावं बघितली जातात, आणि त्याला तुमचा छदामही लागत नाही.

लहान मुलांचीही पूर्ण ग्रॅच्युइटी लागते का? (एक वाचक, औरंगाबाद)

कंपनीनुसार. रॉयल कॅरिबियन वयाची सूट देत नाही, कडेवरच्या बाळाचेही पूर्ण. कार्निव्हल दोन वर्षांखालच्या, नॉर्वेजियन तीन वर्षांखालच्या मुलांची घेत नाही. नॉर्वेजियनचा मोठ्यांचा दर 20 डॉलर आहे, सुइटला 25, तेव्हा दीड वर्षाच्या मुलाला घेऊन जाताना हा हिशेब मांडूनच कंपनी निवडा.

टीपची कटकटच नसलेली क्रूझ असते का? आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाचं काय? (एक वाचक, नाशिक)

असते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये रोजची ग्रॅच्युइटी बंद करून ती भाड्यातच धरली. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट यांसारख्या महागड्या कंपन्यांतही ती भाड्यात असते. फुकट काहीच नाही, फक्त आकडा एकदाच दिसतो. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाचा व्यवहार रुपयात होतो. तिथे जाहिरातीतल्या भाड्यावर न जाता बंदर शुल्क, ग्रॅच्युइटी, जीएसटी अशी बिलाची फोड मागा आणि मगच दोन तारखांची तुलना करा.

जहाजावर बरेच गोव्याचे मुलगे भेटतात. त्यांना रुपयात दिलेलं चालेल? घरचे लाडू नेले तर? (एक वाचक, मडगाव)

गोव्याच्या तारवटीला (जहाजावर नोकरी करणाऱ्याला) रुपये चालतील, करार संपवून तो घरीच येणार आहे. फिलिपिन्स किंवा इंडोनेशियाच्या सेवकाला पाचशेची नोट म्हणजे नुसता कागद, त्याच्या देशात ती कोण बदलून देणार? लाडवांचं म्हणाल तर घरी केलेलं खाणं बहुतेक जहाजांवर चढूच देत नाहीत, तपासणीत काढून ठेवतात. दुकानातल्या सीलबंद पाकिटाला सहसा हरकत नसते. बेबिंका नेणार असाल तर बेकरीचं सील न फोडता न्या.