आधी नट्टीला जा, मग ग्रामर शिकव

पत्र थोडक्यात असं: "मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. इंग्रजीत बीए, मग बीएड. मे महिन्यात थायलंडच्या ईसान, म्हणजे ईशान्य, भागात एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. वर्गात 42 मुलं, एकही तोंड उघडत नाही. आधी इथे एक गोरे सर होते. मला बघून एका पालकाने 'इंग्रजीचे शिक्षक कधी येणार?' असं विचारलं. मी शाकाहारी, भात आणि केळी खाऊन राहते. शनिवार-रविवारी खोलीत रडत बसते. पासपोर्ट शाळेच्या ऑफिसात आहे आणि एजंट म्हणतो वर्क परमिट नंतर होईल. आई म्हणते परत ये, बाबा म्हणतात एवढे पैसे घातलेत, काढ वर्ष. काय करू मॅडम?"

बाळ, तू पासपोर्टचं सगळ्यात शेवटी लिहिलंस. मी तिथूनच सुरू करते, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाही.

उद्या सकाळी ऑफिसात जाऊन पासपोर्ट माग. झेरॉक्स त्यांच्याकडे राहू दे, मूळ तुझ्याकडे. मग त्यावरचा व्हिसा बघ. शिकवण्यासाठी नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा लागतो, आणि त्यावर वर्क परमिट वेगळं. परमिटशिवाय शिकवणं हा तिथे गुन्हा आहे, आणि तो शाळेच्या एकटीच्या अंगावर नाही, तुझ्याही अंगावर येतो. तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट तुझ्या नावाने मागितली आहे का, तेही विचार. आठवडाभरात कागद दिसला नाही तर बँकॉकच्या भारतीय दूतावासाला लिही आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदव. तू खरोखरच शाळेत आहेस ही समाधानाची गोष्ट. 2022 पासून थायलंडच्या नोकरीचं आमिष दाखवून आपली किती पोरं सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीला जुंपली, ते पेपरात वाचलं असशील. बाबांना सांग, एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याहून जास्त दिले असतील तर पावत्या सांभाळून ठेवा.

कागद झाले नाहीत तर परत ये, माझ्याकडून दुसरा सल्ला नाही. झाले, तर पुढचं वाच.

माझी पहिली नोकरी सौंदत्तीकडच्या एका खेड्यात लागली. घरात मराठी, शाळा मराठी, कन्नड म्हणजे एसटीच्या पाट्या वाचण्यापुरतं. घरमालकीण रोज दारातून विचारायची, "ऊटा आतेन्री?" मला वाटायचं ही डब्याचा हिशेब मागते आहे, भाड्यात धरणार. चार दिवस मी खोटंच "हो हो" म्हणत उपाशी झोपले. पाचव्या दिवशी "इल्ला", नाही, म्हणाले, तर पोळीसारखी पातळ भाकरी आणि शेंगाचटणी समोर आली. तुझ्या गावातही कुणीतरी येता-जाता "किन खाव रू यांग?" म्हणत असणार. तोच प्रश्न आहे तो, जेवलीस का. "यांग" म्हण, अजून नाही. मग बघ काय होतं ते.

तू सीमाभागातली आहेस. बाजारात कन्नड, घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी, टीव्हीवर हिंदी, हे तुला कुणी शिकवलं नाही. तिथे मात्र तू फक्त इंग्रजी घेऊन उभी आहेस, आणि मुलं तुझ्यासमोर गप्प आहेत. साहजिक आहे. तू त्यांच्या भाषेत चुकत नाहीस, मग त्यांनी तुझ्या भाषेत चुकायचं धाडस का करावं?

आणि थाई तुला वाटते तेवढी परकी नाही. तुला ती मुलं 'ख्रू' म्हणतात ना? गुरू. भाषेला 'फासा', विषयाला 'विचा' म्हणजे आपली विद्या, जेवणाला 'आहान'. महिने तर राशींवर आहेत: जून मिथुनायोन, सप्टेंबर कन्यायोन. तू मंगळवारच्या तासाला फळ्यावर एका बाजूला देवनागरी आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या अक्षरात हे शब्द लिही आणि वाचायला लाव. तुझा उच्चार चुकेल आणि वर्ग हसेल. त्या दिवशी तोंडं उघडतील. इंग्रजीत ती 'बस'ला 'बट' म्हणतील, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' उच्चारत नाहीत. त्यावर रागावू नकोस, आपल्या पोरांनी 'इस्कूल' म्हटलं तर आपण घर डोक्यावर घेतो का?

जूनमध्ये मुलांनी तुला फुलांबरोबर गवताची जुडी दिली आणि तुला काहीच कळलं नाही, असंही लिहिलं होतंस. ती दूर्वा होती. गुरुपूजनाच्या दिवशी तिथे दूर्वा, वांग्याचं फूल आणि लाल फुलांचे गुच्छ देतात. दूर्वा जशी पसरते तशी विद्या पसरावी, वांग्याचं फूल जसं खाली झुकतं तसा नम्रपणा यावा, असा अर्थ. गणपतीच्या दूर्वा निवडणाऱ्या मुलीला हे कुणी सांगायला नको होतं. एक मात्र सांभाळ: शाबासकी देताना डोक्यावर हात ठेवू नकोस. तिथे डोकं फार मानाचं, परक्याने शिवायचं नाही.

जेवणाचं सोपं आहे. 'मांगसाविरात' म्हणजे मांसविरती, शाकाहार. तरी आमटीत नाम प्ला, माशाचा रस, पडतोच, म्हणून "माय साय नाम प्ला", नाम प्ला घालू नका, हे पाठ करून ठेव. 'जे', म्हणजे कडक शाकाहारी, असं लिहिलेली दुकानं कांदा-लसूणही वर्ज्य करतात.

त्या पालकाच्या प्रश्नाचं मात्र मी गोड बोलून सांगणार नाही. इंग्रजी म्हणजे गोरा माणूस हा समज तिथे आहे, आणि पगारातही तो दिसतो. तू कितीही छान शिकवलंस तरी तो एका टर्ममध्ये जाणार नाही. पण तो गोरा सर भातशेतीत उतरला होता का, ते विचार. ईसान म्हणजे भाताचा मुलूख, आणि पावसाळ्यात तिथेही आपल्यासारखीच नट्टी, भाताची लावणी, चालते. तुझ्या हाताला रोपं लावायची सवय आहे, तू जांबोटीकडची की. येत्या शनिवारी वर्गातल्या एखाद्या पोरीच्या घरी, तिच्या आईला विचारून, चिखलात उतर. सोमवारी तो पालक तुला काय म्हणून हाक मारतो, ते मला कळव.

परत यायचं की नाही, ते ऑक्टोबरमध्ये पहिली टर्म संपल्यावर ठरवू. इकडे टीईटी आणि सरकारी भरतीसाठी परदेशातलं वर्ष मोजत नाहीत, खासगी इंग्रजी शाळा मात्र मोजतात, एवढं आई-बाबा दोघांनाही सांग.

आणि आईला फोन संध्याकाळी सहाला करायला सांग. तिथे तेव्हा साडेसात वाजलेले असतात. तिची मालिका आठला, तुझी झोप दहाला. रडणं दोघींनी त्या दोन तासांत उरकायचं.