गॅस गिझरचा अपघात : दोन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची?

प्रश्न : गॅस गिझर कंपनीने पाठवलेल्या फिटरनेच बाथरूममध्ये बसवला होता. पत्नी आंघोळ करताना बेशुद्ध पडली, दवाखान्यात ठेवावं लागलं. याला बावीस महिने झाले. कंपनी दर ईमेलला ‘तपास सुरू आहे’ असं उत्तर देते. अजून वाट पाहू की नोटीस पाठवू?

उत्तर : वाट पाहू नका आणि नुसत्या नोटिशीवरही विसंबू नका. अशा जवळजवळ प्रत्येक पत्रात हीच गफलत असते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. ईमेल, स्मरणपत्रं, वकिलाची नोटीस, यातल्या कशानेही ही मुदत पुढे सरकत नाही. तुमच्या हातात दोन महिने आहेत. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण ‘कंपनीच्या उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण सहसा टिकत नाही.

मुदत अपघाताच्या तारखेपासून धरा. गिझर बसवला त्या दिवसापासून मोजा, असं समोरचा वकील म्हणेल. इजाच नंतर झाली, हे त्यावर आपलं उत्तर. आयोग काय मानेल याची खात्री देत नाही, म्हणूनच आणखी एक दिवसही दवडू नका. तक्रार पत्नीच्या नावे करता येईल. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो.

जबाबदारी कोणाची, हे माहितीपुस्तिकेवर बरंच ठरेल. बंद बाथरूममध्ये बसवू नये असा इशारा त्यात नसेल, तर कलम 84 खाली उत्पादक अडचणीत येतो. इशारा असूनही फिटरने आत बसवला असेल, तर सेवेतली त्रुटी. बिल, पुस्तिका, बसवल्याची पावती शोधा. चार वर्षांत एकदाही सर्व्हिसिंग केलं नाही असं तुम्हीच लिहिता. त्यावर बोट ठेवलं जाणार, आणि भरपाई किती कमी होईल ते आज सांगता येत नाही.

डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘चक्कर’ लिहिलं असेल तर तेवढ्यावर भागणार नाही. बंद जागेत गॅस जळताना साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो; रक्तात तो सापडल्याचा अहवाल असेल तर तोच मुख्य पुरावा. संपूर्ण वैद्यकीय कागदपत्रं लेखी मागा, नियमानुसार ती 72 तासांत मिळायला हवीत.

आता पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेली ओळ : ‘खिडकी उघडी ठेवून तोच गिझर वापरतो.’ हे वाचून मला राग आला. एक माणूस मरता मरता वाचलं आहे! आजच गॅस बंद करा, फोटो काढा, जोडणी जाणकाराकडून सोडवून घ्या आणि गिझर जसाच्या तसा बाजूला ठेवा. दुरुस्त केलात किंवा भंगारात दिलात, तर आयोग प्रयोगशाळेत पाठवणार काय?

चाचणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि त्याचा मला संताप येतो. तरीही जिल्हा आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात ती करता येते, ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. एखादा कागद मिळाला नसेल तर त्यासाठी अडून राहू नका, तो नंतर परवानगी घेऊन जोडता येईल.