रिकॉलचं पत्र आलं, पण पार्ट येईना: गिअरबॉक्स बिघडलेल्या गाडीचं काय करायचं?

आधी एवढं ऐका: येत्या शनिवारी गगनबावड्याला जायचं म्हणताय, पण ती गिअरबॉक्स बिघडलेली गाडी घेऊन जाऊ नका. एस.टी.ने जा, कुणाची तरी गाडी मागून घ्या, नाहीतर जाणं पुढे ढकला. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही लिहिलंय की ऑटोमॅटिक गाडी अडीच वर्षांची आहे, सिग्नलवरून निघताना थरथरते, आणि दोनदा गिअरचा दिवा लागून ताकदच गेली, एकदा कोल्हापुरात कावळा नाक्यावर आणि एकदा महामार्गावर. कंपनीचं रिकॉलचं पत्र, म्हणजे सदोष पार्ट फुकट बदलायला गाडी परत बोलावल्याचं पत्र, येऊन चार महिने झाले. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी "पार्ट आला की फोन करतो" म्हणतात. गाडी चालवत राहू का, बाहेर काम करून घेऊ का, ग्राहक मंचात जाऊ का, असे तुमचे तीन प्रश्न.

हे सगळं माझ्यावर येऊन गेलंय, म्हणून लिहितो. रत्नागिरीहून परत येत होतो. साखरपा मागे पडलं होतं, आंबा घाटाची चढण सुरू होती, गाडीत आई, बायको आणि मुलगी. एका वळणावर पुढचा ट्रक थांबला म्हणून मीही थांबलो. ट्रक निघाला, मी ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दिला. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी जागची हलेना. समोर गिअरचं 'डी' अक्षर लुकलुकायला लागलं. मग गाडी मागे सरकली. फूटभरच सरकली असेल, मी लगेच ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला. पण मागे एस.टी. उभी होती, आणि आईने पुढच्या सीटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. एस.टी.चा कंडक्टर उतरला, काही न विचारता कडेचा एक धोंडा उचलून मागच्या चाकाला लावला आणि मग म्हणाला, "आता काढा पाय ब्रेकवरचा, घाबरू नका." त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मला आजही खंत आहे.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि गिअर कटिंगचं काम. त्यामुळे आत काय होतं ते थोडं सांगतो, म्हणजे काउंटरवर तुम्हाला कुणी गप्प करणार नाही. माझ्या गाडीत ड्राय क्लचचा डीसीटी, म्हणजे ड्युअल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. त्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरचा आणि एक सम आणि रिव्हर्स गिअरचा. दोन्ही कोरडे, तेलात बुडालेले नसतात, म्हणजे थंड व्हायला फक्त हवा. ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने सरकते तेव्हा तो क्लच पूर्ण लागतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही, घासत राहतो आणि तापतो. चढावर तर आणखी. हे क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम ज्या युनिटकडे असतं त्यातच पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर आणि कॉम्प्युटर एकत्र बसवलेले असतात. त्यातला तेलाचा दाब गेला की ड्रायव्हरने काहीही केलं तरी गाडी चालत नाही. एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर यंत्राने चालवणारा प्रकार असेल तर क्लच एकच, पण तो दाबणारं यंत्र, ॲक्च्युएटर, बिघडलं की गत तीच. सीव्हीटी या तिसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असतात, तिथेही सगळा खेळ तेलाच्या दाबाचा. २०२४ च्या फेब्रुवारीत ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्ना मिळून ७,६९८ आणि कियाने सेल्टॉसच्या ४,३५८ पेट्रोल ऑटोमॅटिक गाड्या परत बोलावल्या, त्या गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरसाठी. गाड्या बनल्या होत्या २०२३ च्या फेब्रुवारी ते जुलैमध्ये. म्हणजे दोष असू शकेल अशी गाडी बनल्यावर सात महिने ते वर्षभराने लोकांना निरोप आला.

काउंटरवर तुम्हाला एक वाक्य हमखास ऐकवतील: "सर, तुमच्या चालवण्यामुळे होतंय." हे ऐकून खाली मान घालू नका. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच गिअरबॉक्सबद्दल ऑस्ट्रेलियातल्या गाडीमालकांना हेच सांगितलं गेलं होतं, की थरथर तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे आहे. तिथल्या ग्राहक आयोगाने कंपनीला न्यायालयात खेचलं आणि २०१८ मध्ये १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. गाड्या होत्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट. चालवण्याच्या सवयीने क्लच लवकर झिजतो हे खरं आहे, पण ज्या दोषासाठी कंपनीने स्वतः पत्र पाठवलंय तो दोष तुमच्या उजव्या पायाचा नाही.

आता पार्ट का येत नाही? इथे मी कंपनीची बाजू थोडी समजू शकतो. आमच्याकडे एका साध्या हाउसिंगचं डिझाइन बदललं तर पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा बदला, फाउंड्रीत नमुना ओता, तो मशीनवर घ्या, तपासा, गिऱ्हाईक पास करेल तेव्हा लॉट सुरू. इथल्याच औद्योगिक वसाहतीत, शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावला, ओतलेल्या एका कास्टिंगला जर महिने जातात, तर सेन्सर आणि कॉम्प्युटरसकट असलेल्या युनिटला वेळ लागणारच. शिवाय नव्या गाड्यांच्या लाइनलाही तोच सुधारलेला पार्ट हवा असतो. वेळ लागतो हे मी मान्य करतो. पण तारीख न देणं, रांगेत आपला नंबर कितवा ते न सांगणं, आणि तोवर गाडी चालवायची की नाही यावर तोंड न उघडणं, हे मला अजिबात मान्य नाही. गाडीत लेकरंबाळं बसतात.

इथंच आपण सगळे चुकतो. चार महिन्यांत तुम्ही किती वेळा फोन केला असेल? दहा-बारा? त्यातला एकही फोन कागदावर नाही. कंपनीच्या दफ्तरी तुम्ही चार महिने वाट बघणारे गिऱ्हाईक नसून एकदाही तक्रार न केलेले गिऱ्हाईक आहात. म्हणून उद्याच गाडी घेऊन जा आणि जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि कामाची नोंद होते तो सर्व्हिस सेंटरचा कागद, उघडायला लावा.

जॉब कार्डवर काय लिहिलं जातं ते स्वतः बघा. माझ्या वेळी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या ॲडव्हायझरने तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप, जर्क' एवढंच टाकलं. मी म्हटलं, घाटात गाडी मागे सरकली ते लिहा. तर म्हणाला, "सिस्टीममध्ये एवढंच बसतं ओ." पोरगा वाईट नव्हता, त्यालाही वरून सांगितलेलं असणार. मी छापलेली प्रत समोर ठेवली आणि निळ्या पेनाने त्यावर लिहिलं: 'डी मध्ये असताना चढावर गाडी पुढे गेली नाही, मागे सरकली. गिअरचा इशारा लुकलुकत होता.' खाली तारीख, किलोमीटर आणि सही. त्याला म्हटलं, दोन्ही प्रतींवर शिक्का मार. संध्याकाळी गाडी परत देताना 'काम समाधानकारक झाले' अशा ओळीखाली सही मागितली. तिथेही लिहिलं: 'काम झालेले नाही. पार्ट नसल्याने गाडी परत नेत आहे.' पुढे ही एक ओळ माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

आणखी एक. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडीला स्कॅनर लावला की फॉल्ट कोडची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडांची, यादी स्क्रीनवर येते. कोड पुसण्याआधी तिची प्रिंट मागा, नाही दिली तर मोबाईलवर फोटो काढा. कोड पुसले की दिवा जातो, गाडी दोन दिवस बरी वाटते आणि पुरावाही जातो. लुकलुकणाऱ्या दिव्याचा व्हिडिओ मात्र शेजारच्याला काढायला सांगा, चालवता चालवता स्वतः काढू नका.

मग त्याच रात्री ईमेल. डीलर आणि कंपनीचं कस्टमर केअर, दोघांना एकाच मेलमध्ये. गाडीचा १७ अक्षरांचा चासी नंबर, रिकॉलच्या पत्राची तारीख, जॉब कार्डचा नंबर, आणि तीनच प्रश्न: पार्ट कोणत्या तारखेला मिळेल, तोवर गाडी चालवणं सुरक्षित आहे का हे लेखी सांगा, आणि सुरक्षित नसेल तर दुसऱ्या गाडीची सोय काय. मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तोच मेल दर सोमवारी पुन्हा पाठवत राहिलो. 'चालवायला सुरक्षित आहे' असं सही करून द्यायला कुणी धजत नाही, आणि तिथून फाईल हलायला लागते.

पंधरा दिवसांत तारीख मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फुकट आहे. त्याबरोबर परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवरही सदोष गाडीची तक्रार टाका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी झाल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. तुमचा पार्ट त्याने उद्या येणार नाही, पण मोजणीत तुमची एक तक्रार वाढते, ती वाढायलाच हवी.

आता ग्राहक मंच, म्हणजे आता जिल्हा ग्राहक आयोग. जायला हरकत नाही, पण काय मागता ते नीट ठरवा. बरेच जण 'गाडीत उत्पादनदोष आहे, नवी द्या' एवढंच मागतात आणि तज्ज्ञाचा अहवाल नसल्यामुळे अडकतात. उत्पादनदोष सिद्ध करायला तज्ज्ञ लागतो. उशीर सिद्ध करायला फक्त तारखा लागतात. रिकॉलचं पत्र अमुक तारखेचं, जॉब कार्ड अमुक तारखेचं, पार्ट अजून नाही, ही सेवेतली त्रुटी. मुख्य मागणी तीच ठेवा, नवी गाडी वगैरे पर्यायी मागणी म्हणून खाली. प्रतिवादी डीलर आणि कंपनी दोघेही करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. गाडीची किंमत ५० लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगच. फी १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, ती वाट बघण्यात घालवू नका. आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. माझं प्रकरण नोटिशीवरच मिटलं: नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांत युनिट आलं, आणि गिअरबॉक्सची वॉरंटी एक वर्ष वाढवून त्यांनी लेखी दिलं. मधल्या काळात घेतलेल्या भाड्याच्या गाडीचे पैसे मात्र मिळाले नाहीत.

बाहेर काम करून घेण्याबद्दल. उद्यमनगरात माझ्याच ओळीत असे हात आहेत की जुना गिअरबॉक्स उघडून नव्यासारखा करून देतील, आणि वॉरंटी संपलेल्या गाडीला मी स्वतः तिथेच पाठवीन. पण रिकॉल बाकी असताना सील तोडू नका. रिकॉलचं काम कंपनी फुकट करते. एकदा बाहेर उघडलं की "हे आमचं काम नव्हे" म्हणायला त्यांना आयतं कारण मिळतं. शिवाय नवं युनिट बसवल्यावर क्लचची जुळणी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर करावी लागते. गाडी सेकंडहँड घेतली असली तरी रिकॉल गाडीला लागू असतो, मालकाला नाही, फक्त पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाऊ शकतं. हे वाचणाऱ्या इतरांनी आपला चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघावा.

पार्ट येईपर्यंत गाडी वापरायची तर फक्त गावात, गरजेपुरती. महामार्ग नको. कागलपासून तावडे हॉटेलपर्यंत सहापदरीच्या कामामुळे कितीतरी ठिकाणी बाजूला घ्यायला जागा नाही, तिथे ताकद गेली तर मागचा ट्रक कुठे जाणार? चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. गर्दीत इंच इंच सरकू नका, थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. दिवा लागला तर बाजूला घेऊन पी मध्ये टाका, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. न्यायची वेळ आली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, गाडी पूर्ण वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा.

आणि पार्ट बसल्यावर सेंटरच्या आवारात एक चक्कर मारून सही करू नका. मी टेक्निशियनला शेजारी बसवून जोतिबाच्या चढावर नेलं. मधल्या चढाला गाडी थांबवली, ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दिला, पुन्हा थांबलो, असं सहा वेळा. शिवाय एकदा रिव्हर्स चढावर. पोरगाही मन लावून बघत होता, दोन वेळा त्याने स्वतः चालवली. सहाही वेळा गाडी न थरथरता निघाली, तेव्हा तिथेच बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

जॉब कार्ड उघडलंत की नाव आणि नंबर झाकून तक्रारीच्या रकान्याचा फोटो इथे खाली टाका. ओळ कशी लिहायची ते सही करण्याआधी बघू.