डीएनए दुप्पट होतो, मग गुणसूत्रे ९२ का मोजत नाहीत?

दादरच्या क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि तो विचारणारं मूल खरंच विचार करत असतं. म्हणून तुमचा प्रश्न आवडला.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४६. ती मोजायची गुणसूत्रबिंदूंवरून, म्हणजे गुणसूत्राचे दोन भाग जिथे जोडलेले असतात त्या जागेवरून. पेशी विभागण्याआधी डीएनए दुप्पट झाला की प्रत्येक गुणसूत्राची दोन क्रोमॅटिड, म्हणजे एकसारख्या दोन प्रती, होतात, पण ती एकाच गुणसूत्रबिंदूशी जोडलेली असतात. म्हणजे क्रोमॅटिड ९२, गुणसूत्रे ४६च. पेशी द्विगुणितच, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली, राहते.

मुलं पुढे अडतात ती अर्धगुणसूत्री विभाजनाच्या, म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार करणाऱ्या विभाजनाच्या, पहिल्या टप्प्यावर. तिथे क्रोमॅटिड सुटत नाहीत. आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं, अशी जोडीतली दोन गुणसूत्रे वेगळी होतात. त्यामुळे पहिल्या टप्प्यानंतरच पेशीत २३ गुणसूत्रे उरतात, ती एकगुणित, म्हणजे एकाच संचाची, झालेली असते. दुसऱ्या टप्प्यात क्रोमॅटिड सुटतात, संख्या २३च राहते. हे वहीत दोन रंगांच्या पेनांनी काढून बघाच, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

कांद्याच्या मुळाची स्लाइड प्रॅक्टिकलला बघितली असेल, तिथे द्विगुणित संख्या १६, परागकणात ८. मधमाशीचा नर तर अफलित अंड्यातून जन्मतो, त्याच्या पेशी मुळातच एकगुणित, १६ गुणसूत्रांच्या, राणीत ३२.

आणि बाजारातलं बिनबियांचं केळं? त्याचे तीन संच, ३३ गुणसूत्रे. तीन संचांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून त्यात बी धरत नाही.