जुन्या पिकअपचं ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पडतं, इंजिन खोलावं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी डिझेल पिकअप आहे. सकाळी काटा बरा असतो, माल भरून तीस-चाळीस किलोमीटर गेलं की स्लोला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) काटा तळाला टेकतो, मधूनच ऑइलचा लाल दिवाही लागतो. आणि गॅरेजवाला म्हणतो, हाफ इंजिन करून घ्या, म्हणजे इंजिन अर्धं खोलून झिजलेले भाग बदला. माझं म्हणणं एवढंच की खोलायच्या आधी मोजा. मोजल्यावर कदाचित खोलावंच लागेल, पण मग कशासाठी खोलतोय ते तरी कळेल.

मी मिस्त्री नाही. जालन्याकडं बरीच वर्षं एकाच पिकअपवर मोसंबी आणि कापूस वाहिला, आणि या दिव्यापायी दोनदा फसलो. दोन्ही वेळा उलट्या बाजूनं.

पहिल्यांदा बदनापूरच्या पुढं दिवा लागला. घाबरून गाडी टोचन करून गॅरेजला नेली, त्यांनी बेअरिंग बदलले, पैसे मोजले, आणि चौथ्या दिवशी दिवा परत हजर. शेवटी निघालं काय, तर हा दिवा लावणाऱ्या प्रेशर स्विचची वायर घासून बॉडीला टेकत होती. हे पाच मिनिटांत कळतं: चावी ऑन करा, इंजिन बंद ठेवा. दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलाय, म्हणजे तुम्हाला इशारा देणारंच कुणी नाही. मग स्विचची वायर काढा. दिवा विझला पाहिजे. वायर काढूनही जळत राहिला तर रोग वायरिंगमध्ये आहे. काट्याच्या मीटरचा सेन्सर निराळा असतो, तोही जुन्या गाडीत खोटं बोलतो. खड्ड्यात काटा उड्या मारत असेल तर आधी त्याचाच संशय घ्या. तेलाचं प्रेशर सहसा असं झटक्यात वरखाली नाचत नाही.

पण एक लक्षात ठेवा. दिव्याचा स्विच साधारण अर्ध्या किलोच्या (चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो) आत प्रेशर आल्यावरच लागतो. म्हणजे दिवा खरा असेल तेव्हा तेल जवळपास पोचतच नसतं. चालत्या गाडीत लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही, बाजूला घेऊन इंजिन बंद.

दुसऱ्यांदा मी नेमकं हेच केलं नाही. चाळीसगावहून परत येताना औट्रम घाट चढत होतो, दिवा लागला. म्हटलं, पुन्हा तीच वायर. थांबलो, चहा घेतला, गाडी चालू केली तर दिवा गुल. परत चढाला रेस दिली की परत हजर. कन्नडपर्यंत तशीच रेटली. हा मूर्खपणा होता, इंजिन वाचलं ते नशिबानं.

त्याचं कारण पुढं एका ट्रॅक्टरच्या मिस्त्रीनं शोधलं. जुन्या ट्रॅक्टरवर बारीक नळीचं, थेट तेलानं चालणारं प्रेशर गेज असतं, त्यामुळं अशा गॅरेजात सुटं गेज हमखास सापडतं. स्विच काढून त्या जागी आटा जुळवून ते लावायचं. जोड पक्का हवा, गरम तेल सायलेन्सरच्या पाइपवर उडालं तर आग लागते. मग तीन आकडे घ्यायचे: थंड इंजिन स्लोला, पूर्ण तापल्यावर स्लोला, आणि तापलेलं असतानाच दोन हजार आरपीएमला. तापलेलं म्हणजे खरंच तापलेलं, गॅरेजच्या सावलीत पाच मिनिटं चालवून नव्हे. मे महिन्यात दुपारी माल घालून फिरवून आणा. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा खरा. ढोबळमानानं गरम स्लोला पाऊण-एक किलो आणि दोन हजारला दीड-दोनच्या वर असलं तर रात्री झोप लागते. पीएसआयचं गेज असेल तर १४.२ म्हणजे एक किलो.

आता आकड्यांची चाल बघा, खरं निदान तिथंच आहे. थंड चांगलं, गरम स्लोला कमी, पण रेस दिली की सरळ वर चढतं: एकतर तेल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलेत. थंड-गरम, स्लो-रेस सगळीकडं कमी: ऑइल पंप झिजलाय किंवा जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. आणि सुरुवातीला चांगलं, रेस वाढवली की पडतं, थोडं थांबलं की परत येतं: चेंबरमधली, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली, पंप जिथून तेल ओढतो ती जाळी चोंदलीय. माझं हेच होतं. चेंबरची गळती थांबवताना कुणीतरी पेस्ट इतकी थापली होती की तिच्या दोऱ्या सुटून जाळीला चिकटल्या होत्या. दगड लागून चेंबर आत दबला तरी असंच होतं.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराचं वाटतंय, म्हणून बेअरिंगच्या आधी तेल तपासा. कांडीवर तेल खुणेच्या वर गेलंय का? न टाकता तेल वाढत असेल तर खुश होऊ नका, डिझेल उतरतंय. वास घ्या, एक थेंब वर्तमानपत्रावर टाका. काळ्या डागाभोवती लांबवर फिकट ओलं कडं पसरलं तर संशय पक्का. फीड पंप, डिझेल पंपाचं सील, गळका नोझल, यातलं काहीतरी निघेल. तेल दुधी चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, ती निराळी भानगड.

हे सगळं नीट निघालं तर तेल आणि चांगला फिल्टर बदलून परत मोजा. १५ डब्ल्यू ४० च्या जागी २० डब्ल्यू ५० हे जाड तेल टाकलं की काटा वर येतो. मॅन्युअलला चालत असेल तर आपल्या उन्हाळ्यात हरकत नाही, पण झीज तशीच राहते, फक्त दिसत नाही. डब्यातल्या जादूच्या औषधांवर मात्र रुपया घालवू नका.

आणि तरीही गरम स्लोला आकडा अर्ध्या किलोच्या आसपासच राहिला, किंवा रेस सोडताना खालून ठोका ऐकू आला, तर आधी फक्त चेंबर उतरवायला सांगा. जाळी बघा, तळाशी चमचमणारी भुकटी आहे का बघा, एका कनेक्टिंग रॉडची टोपी काढून आतलं बेअरिंग, म्हणजे शेल, स्वतःच्या हातात घ्या. राखाडी पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर पंप आणि व्हॉल्व्हकडं वळा. मधूनच तांब्याचा रंग उघडा पडला असेल तर तुमचा गॅरेजवाला खरं बोलत होता.